खेचराची चौकशी

माझा दादा समुद्रावर नोकरीला गेला तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नाही. वडील फलटणकडच्या कोरडवाहू मुलखातले. पिंपरीत एका कारखान्याच्या फाउंड्रीत लागले आणि संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भावंडं वाढलो. पाणी आम्ही पाहिलं ते नळाचं, फार तर पुलावरून दिसणारं पवनेचं. दादा बारावी झाला, भरतीला उभा राहिला आणि पायदळात लागला. त्यानंतरची त्याची उमेदीची सगळी वर्षं डोंगरात गेली. सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्या गालांची कातडी बर्फाने करपलेली असायची.

आई विहारात नेमाने जाणारी. दादाचा भरतीचा कागद आला त्या संध्याकाळी तिने त्याला समोर बसवून विचारलं होतं, "पहिलं शील काय सांगतं रे?"

दादा म्हणाला, "जीवहिंसा करणार नाही."

"मग?"

वडीलच मध्ये पडले. "तो काय स्वतःसाठी बंदूक धरणार आहे का? वर माणसं असतात, कायदा असतो. आपल्या मनाने कुणी गोळी झाडत नाही तिथं." आईने मान हलवली. तिला पटलं की तिने विषय सोडून दिला, हे मला त्या वयात कळलं नाही.

पलटणीतली एकच गोष्ट दादा सुट्टीत आला की पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि आम्ही हसायचो. ती एका खेचराची होती. सीमेजवळच्या डोंगरात पहाटे पहाऱ्यावर असताना धुक्यातून काहीतरी वर येताना त्याला दिसलं. त्याने थांबायला सांगितलं, पुन्हा सांगितलं, उत्तर आलं नाही म्हणून गोळी झाडली. धुकं विरल्यावर पाहिलं तर खेचर. पाठीवर लाकडाची मोळी तशीच. दावं तोडून रात्रीत कुठून तरी सुटलेलं.

"खेचरापायी चौकशी बसली माझ्यावर!" दादा सांगायचा. तीन साहेब समोर बसले. आवाज कितीदा दिलास, दुसऱ्या आवाजानंतर किती थांबलास, अंतर केवढं होतं, हुकूम होता का, बोट चापावर कधी गेलं. तेच प्रश्न फिरवून फिरवून. रिकामं काडतूस गवतातून हुडकून आणायला लावलं. आणि शेवटी त्याच्या प्लाटूनचा सुभेदार त्याला घेऊन डोंगराखालच्या वस्तीवर गेला, खेचराच्या मालकाच्या घरी. पलटणीने त्या म्हाताऱ्याला दुसरं खेचर दिलं होतं, तरीही सुभेदाराने दादाला त्याच्यासमोर उभं केलं. म्हणाला, "यानं मारलं. तुमाला काय बोलायचं ते याच्या तोंडावर बोला." म्हातारा काही बोलला नाही. त्याच्या बायकोने आतून तिकडचा मिठाचा चहा आणला.

"तो चहा काय घशाखाली उतरेना," दादा सांगायचा आणि आम्ही पुन्हा हसायचो. वडील तर त्याला खेचरमाऱ्याच म्हणायचे.

दादा हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि काळेवाडीत भाड्याच्या घरात बायको-मुलीला घेऊन राहू लागला. त्याला चाकणला एका गोदामाच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली. मी तिथून जवळच एका कंपनीत क्वालिटीला आहे, पत्र्याचे दाबून काढलेले भाग तपासते. सकाळी आम्ही एकाच बसला असायचो. हवालदारसाहेब म्हणवून घेतलेल्या माणसाला आता पोरगेलेसे ड्रायव्हर "ए सिक्युरिटी" म्हणून हाक मारायचे. त्याचं त्याला फार वाटत असावं. बोलायचा नाही. गणवेशाला मात्र रोज इस्त्री.

जहाजाच्या नोकरीचं त्याला पलटणीतल्याच एका जुन्या मित्राने सांगितलं. आखातापलीकडच्या समुद्रात चाचे मालवाहू जहाजं लुटतात, त्यामुळे जहाजांवर हत्यारी पहारेकरी लागतात. ते खासगी कंपन्या पुरवतात आणि त्यांना निवृत्त फौजी हवे असतात. मुलीला पुढे शिकवायचं होतं. एजंटाकडे कागद दिले, पोहायच्या तलावात जॅकेट घालून उडी मारायचं प्रशिक्षण झालं, आणि दादा निघाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "दादा, आता तू फौजीच ना पुन्हा?"

"तेच काम. फक्त पाण्यावर."

"मग गणवेश कसला?"

त्याने बॅगेतून टी-शर्ट काढून दाखवला. छातीवर कंपनीचं चिन्ह होतं. "हा," म्हणाला आणि हसला. वहिनी हसली नाही.

पहिल्या खेपेहून तो आनंदात परतला. उडणारे मासे पाहिले म्हणाला. दुसऱ्या खेपेहून परतला तेव्हा विमानतळावरून घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं, थकलाय. मग आठवडे गेले. पुढच्या खेपेसाठी एजंटाचे फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. चाकणच्या गोदामाने त्याला परत घेतलं. पौर्णिमेला तो आईबरोबर विहारात गेला, पण त्या दिवशी घरी आल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पंचशील म्हणताना तो पहिल्याला गप्प बसतो. दुसऱ्यापासून म्हणतो. काय झालंय त्याला?"

मला काय ठाऊक असणार?

ते कळलं एका दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळेला. गोदामाच्या गेटवरून फोन आला: "ताई, तुमच्या भावाला घेऊन जा."

मी गेले तेव्हा दादा वजनकाट्याच्या मागे भिंतीला टेकून बसला होता. गुडघे धुळीने माखलेले. पलीकडे एका ट्रेलरचा वयस्क क्लीनर कोपर धरून उभा होता, कोपरातून रक्त येत होतं. ड्रायव्हर ओरडत होता. झालं होतं ते असं. ट्रेलर मागे घ्यायचा होता. क्लीनर मागे उभा राहून हातातलं फडकं हलवत "आन दे, आन दे" करत होता, चाकणमध्ये जसं प्रत्येक गेटवर दिवसभर चालतं तसं. दादाने ते पाहिलं आणि "खाली बस! खाली बस!" असं ओरडत धावत जाऊन त्या माणसाला जमिनीवर पाडलं. वर अंग टाकून त्याला दाबून धरलं. दोघं-तिघं लागले त्याला उठवायला.

क्लीनरच मला म्हणाला, "ताई, मारलं न्हाई त्यांनी मला. मला झाकून घेतलं. कशापासून, ते काय कळलं न्हाई."

त्या दिवशी बस चुकली म्हणून मी स्कूटर आणली होती; दादाला मागे बसवलं. मोशीपाशी नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली. इंच इंच सरकण्यापेक्षा थांबू म्हटलं आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीमागे बाकड्यावर आम्ही बसलो. आणि तिथं, हॉर्नच्या गोंगाटात, दादाने मला सांगितलं. माझ्याकडे न पाहता, सगळं एका पट्टीत.

किनाऱ्यापासून लांब, कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही अशा जागी, एक जुनं गंजकं जहाज नुसतं उभं असायचं. त्यात बंदुका ठेवलेल्या आणि दादासारखी माणसं. काम येईपर्यंत तिथं पडून राहायचं. मालवाहू जहाज जवळून निघालं की बंदुका घेऊन त्यावर चढायचं, धोक्याचा समुद्र पार करून द्यायचा आणि पलीकडे तसल्याच दुसऱ्या जहाजावर उतरायचं. त्या खेपेला चौघांची तुकडी होती. तुकडीचा प्रमुख परदेशी, तोही कधीकाळी फौजेत असलेला.

भर दुपार होती. लख्ख ऊन. एक लहान बोट वेगाने जहाजाकडे येताना दिसली. भोंगा वाजवला. बोट वळली नाही. धुराचा बाण सोडला, बंदुका उंच करून दाखवल्या, तरी येतच राहिली. बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता आणि हातात काहीतरी घेऊन हलवत होता. प्रमुखाने गोळीचा हुकूम दिला.

"मी पाण्यात मारली," दादा म्हणाला. "बोटीच्या पुढं. पण तो पडला."

"मेला?"

"पडला. बोटीतली दुसरी दोघं त्याच्यावर वाकली. मग बोट मागं मागं राहिली."

"मागे राहिली म्हणजे? तुमचं जहाज?"

"जहाज कशाला थांबतंय? कप्तानाने वेग वाढवला." त्याने चहाचा कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. "प्रमुखाने माझी पाठ थोपटली. म्हणाला, बोट परतली, काम झालं. मग आम्ही जेवायला गेलो. डाळ-भात होता. मी जेवलो गं. पोटभर जेवलो."

संध्याकाळी डेकवर जहाजाचा एक मालवणी खलाशी त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. कठड्यावर कोपरं टेकून पाण्याकडे बघत म्हणाला, "ते चोर नव्हते रे बाबा. त्यांची जाळी पसरलेली पाण्यात. आपला जहाज जाळ्यांवरनं जातला म्हणान सांगूक येय होते, बाजूक घे, बाजूक घे. आमच्याकडे पण असाच करतत."

टपरीवाल्याने कप उचलून नेले. मी विचारलं, "मग चौकशी?"

दादाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"खेचराची झाली होती," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने जे केलं ते वहिनीला वेडेपणाचं वाटलं, मलाही थोडं वाटलं. कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून तो दारोदार फिरला. आधी एजंटाला फोन लावला. मी शेजारीच होते. एजंट गोड बोलत होता. "दादा, तुमचा कॉन्ट्रॅक्ट संपला, कशाला जुनं उकरताय? आणि ते जहाज आता दुसऱ्या मालकाला विकलं. नावसुद्धा बदललं त्याचं."

दादाने फोन ठेवला. "जहाजच राहिलं नाही," एवढंच म्हणाला.

मग तो पोलीस चौकीत जायचं म्हणाला. वहिनी रडली, "अहो, स्वतःहून जाऊन सांगणार, मी माणूस मारला म्हणून? मुलीचा विचार करा." दादा म्हणाला, "मुलीचाच करतोय." काय म्हणायचं होतं त्याला, मला अजून नीट सांगता येणार नाही. मी त्याच्याबरोबर गेले ते तो एकटा जाऊ नये म्हणून.

चौकीतला अधिकारी भला माणूस निघाला. दादा फौजी आहे कळल्यावर त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"कुठल्या हद्दीत झालं हे?"

"हद्द नव्हती साहेब. खुला समुद्र."

"जहाज आपलं होतं?"

"झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा. कप्तान तिसरीकडचा. कंपनी अजून कुठली."

"मयताचं नाव?"

"माहीत नाही."

"कुठला होता?"

"माहीत नाही."

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "हवालदारसाहेब, तो मेलाच हे तरी कशावरून? तुम्ही पाहिलं ते पडताना. गेला असेल बरा होऊन घरी. घरी जा, झोप घ्या. कुणाची तक्रार नाही, प्रेत नाही, मी काय लिहू?"

"माझी तक्रार आहे," दादा म्हणाला.

"तुमच्याच विरुद्ध?"

"हो."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, रुग्णाच्या घरच्या माणसाकडे डॉक्टर पाहतो तसं. आम्ही उठलो.

बाहेर पडल्यावर दादा पायऱ्यांवर थांबला. समोर रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकामागून एक चालल्या होत्या. तो म्हणाला, "पलटणीत असताना ते तीन साहेब मला राक्षस वाटले होते. वाटलेलं, एका जनावरासाठी किती छळतात. आता वाटतं, त्यांनी मला सोडवलं होतं. विचारून विचारून माझ्या डोक्यातून ते काढून घेतलं आणि स्वतःकडे ठेवलं. हे कुणी घेतच नाही."

मीच म्हटलं, "तुझ्या त्या सुभेदाराकडे जाऊ या का?"

सुभेदार चाकणच्या पुढच्या एका गावचा, तिथेच राहतो हे दादाला माहीत होतं. निवृत्तीनंतर दोनदा भेटही झाली होती. जहाजाच्या नोकरीनंतर मात्र दादा त्याच्याकडे फिरकला नव्हता. आम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलो. गाव म्हणायला गाव राहिलं होतं. तिन्ही बाजूंनी गोदामांचे निळे पत्रे, मध्ये मारुतीचं देऊळ आणि पाच-पंचवीस घरं. सुभेदार ओट्यावर बसून शेंगा निवडत होता. वय झालेलं, पण पाठ ताठ.

"या या. लय दिसांनी," म्हणाला. मला म्हणाला, "बस पोरी." घरातून चहा आला. दादाने तो घेतला नाही. उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, मला तुम्ही विचारा."

"काय इचारू?"

दादाने टपरीवर मला सांगितलं तेच सगळं सांगितलं. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. सुभेदाराचे हात शेंगांत तसेच थांबले. दादाचं संपल्यावर त्याने सूप बाजूला सारलं.

"आवाज किती लांबनं दिला?"

दादाने सांगितलं. आणि मी पाहिलं, त्याच्या टाचा आपोआप जुळल्या होत्या. हात मांड्यांना चिकटलेले. पन्नाशीतला माणूस, साध्या चेक्सच्या शर्टात, भर सकाळी एका ओट्यापुढे सावधानमध्ये उभा. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"बोटीत हत्यार दिसलं?"

"नाही साहेब."

"शिडी? आकडा?"

"नाही."

"नेम कुठं धरला व्हता?"

"पाण्यात. बोटीच्या पुढं."

"वारं?"

"नव्हतं साहेब."

"जहाज हलत व्हतं?"

"मोठं जहाज, साहेब. फारसं नाही."

"अंतर?"

दादाने सांगितलं. सुभेदार अगदी हळू म्हणाला, "तू माझ्या प्लाटूनचा सगळ्यात चांगला नेमबाज. वारं न्हाई, अंतर जवळचं. पाण्यात मारलेली गोळी नाळेवर उभ्या माणसाला लागती व्हय? नेम कुठं धरला व्हता?"



"माणसावर, साहेब."

"त्याच्या हातात काय व्हतं?"

"फडकं."

"मंग कळलं, का तवाच दिसलं व्हतं?"

"तेव्हाच दिसलं होतं."

मी ओट्याची कड धरली. कुठेतरी गोदामात ट्रक मागे घेताना वाजतो तो पिप-पिप आवाज चालू होता.

"मंग का मारलीस?"

"हुकूम होता."

"त्यो तुझा कोण लागत व्हता, हुकूम द्यायला?"

दादाने मान हलवली. कुणीच नाही.

"का मारलीस?"

"साहेब," दादा म्हणाला, "मला माहीत होतं, कुणी विचारणार नाही. पाण्यात मारली असती आणि बोट आलीच असती, वर कुणी चढलं असतं, तर माझी नोकरी गेली असती. त्याला मारली तर काही होणार नव्हतं. हे मला चाप दाबताना माहीत होतं. मी विचार नव्हता केला. पण माहीत होतं."

सुभेदाराने डोळे मिटले. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं बोलेल. दादा त्याच्यासाठीच तर आला होता. पण सुभेदार एवढंच म्हणाला, "खाली बस."

दादा बसला नाही.

"पलटणीत असं झालं नसतं साहेब," तो म्हणाला. "तुम्ही असा हुकूम दिला नसता."

"असं म्हणू नगंस." सुभेदार एकदम कडक झाला. "वर्दी घातली म्हंजी देव झालो व्हय आमी? चुकीचं हुकूम तिथं बी सुटत्यात. माझ्या बी तोंडनं सुटल्यात. फरक एवढाच, का दुसऱ्या दिशी मला कुणापुढं तरी उभं ऱ्हावं लागायचं. त्याच्या भ्यानं मी दहादा गप बसलो. माझ्या भ्यानं तू गप बसलास. तिथं आपुन चांगलं व्हतो असं न्हाई. तिथं आपल्याला एकटं सोडलं न्हवतं." मग दादाकडे पाहून म्हणाला, "हितं तुला एकटं सोडलं. आन् एकटा असल्यावर तू काय हायेस, ते तुला दिसलं."

"मग आता मी काय करू?"

"त्ये मला इचारू नगंस. शिक्षा द्यायचा माझा अधिकार संपला. माफी द्यायचा कधी नव्हताच. ती ज्याचं खेचर मेलं त्यो म्हातारा देत असतो."

निघताना सुभेदार मला म्हणाला, "त्याला एकटं ठेवू नगा." दादाला काही म्हणाला नाही. दादाने त्याला सॅल्यूट केला. त्याने तो घेतला की नाही, मला सांगता येत नाही. तो सुपाकडे वळला होता.

परतीच्या वाटेवर दादा माझ्या मागे स्कूटरवर होता. त्याचा एक हात आधाराला माझ्या खांद्यावर होता. लहानपणापासून ओळखीचा हात. मला तो नको झाला. कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस मी त्याच्या हाताकडे पाहू शकत नव्हते. ताट वाढताना पाहणं टाळायचे. माझ्या मुलाच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला की मी काहीतरी निमित्त काढून मुलाला हाक मारायचे. त्याला ते कळलं असणारच. त्याने एकदाही विचारलं नाही.

त्याने गेटची नोकरी सोडली. बँकेच्या पैशांच्या गाडीवर गनमॅन म्हणून बोलावणं आलं होतं, त्याने हात जोडले. आता तो चाकणच्याच एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्यांच्या मशीनवर आहे. गोळे टाकायचे, पोळ्या फुगून बाहेर येतात त्या मोजून एकावर एक रचायच्या. तिथं कुणाला ठाऊक नाही की तो फौजेत होता. पौर्णिमेला विहारात जातो. आई आता राहिली नाही. शेवटपर्यंत तिने त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, पण ती असताना एकदा मी तिच्या शेजारी बसले होते. सगळे पहिलं शील म्हणत होते, दादा गप्प होता, आणि मी पाहिलं, आईही गप्प होती. त्याच्यासाठी थांबली होती. दुसऱ्यापासून दोघांनी बरोबर म्हटलं.

माझं म्हणाल तर मी आधीसारखी चाकणला जाते-येते. पण त्या रस्त्यावर कुणी ना कुणी सतत हात हलवत असतं. फडकं, रुमाल, रिकामी बाटली, जे हाताला लागेल ते. थांब, ये, बाजूला घे. माझी बस त्यांच्यामधून जाते. मी त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहते आणि तो उभा आहे हे पाहून घेते. मग मनात येतं, समुद्राच्या पलीकडे एक घर असेल. त्या माणसाला घेऊन ती दोघं परतली असतील, आणि त्या घरात कुणीतरी त्यांना विचारलं असेल, कुणी मारलं? ती काय सांगणार? जहाज म्हणतील. मोठं जहाज, त्यावर लांबून दिसणारी ठिपक्याएवढी माणसं. त्या घराला आमचा पत्ता लागणार नाही, आम्हाला त्यांचा. त्यांच्या बाजूने जे ठाऊक नाही ते आमच्या घरात ठाऊक आहे, आणि ते सांगायला वाट नाही. वहिनी म्हणते, विसरा आता. ती स्वतः विसरलेली नाही. दिवा लावते तेव्हा आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी लावते त्यापेक्षा एक जास्त लावते. मी पाहिलंय. कुणासाठी, ते तिला मी विचारलेलं नाही.

त्या समुद्रात मध्यंतरी पुन्हा गडबड सुरू झाली, बातम्यांत जहाजं दिसू लागली. मग एका रविवारी निगडीचा एक जण दादाकडे आला. नुकताच फौजेतून निवृत्त झालेला, तरतरीत, बोलका. त्याला एजंटाने जहाजासाठी विचारलं होतं आणि कुणीतरी दादाचं नाव सांगितलं होतं. मी तिथेच होते. दादाने त्याला बसवलं, वहिनीने पोहे दिले. आणि दादाने त्याला सांगितलं. सुभेदारापुढे शेवटी कबूल केलं ते, टपरीवर सांगितलं ते नाही. काही गाळलं नाही. पोहे निवून गेले.

तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वाईट झालं दादा. तुमचं नशीब." मग बशी बाजूला सारत, "पण हत्यार कोणतं देतात हो तिथं? आपल्या सवयीचं असतं का?"

दादाने त्याला हत्याराचं नाव सांगितलं. खारं वारं लागून जाम होतं, रोज पुसावं लागतं, हेही सांगितलं. मग म्हणाला, "भावा, माझं ऐकशील तर जाऊ नकोस. जाणार असशील तर बंदूक खांद्याला लावायच्या आधी स्वतःला विचार, तुझ्याशिवाय तिथं दुसरं कुणी विचारणारं नाही."

"हो, हो दादा," तो म्हणाला. दादाच्या पाया पडला आणि गेला.

तो जहाजावर गेलाच. काही आठवड्यांनी वहिनीच्या फोनवर त्याने फोटो पाठवला. डेकवर काळा चष्मा लावून उभा, मागे निळंशार पाणी, नजर पोहोचेल तिथपर्यंत मोकळं. दादाने फोन हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला. त्या माणसाकडे नाही, मागच्या पाण्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत.

"काही दिसत नाही," तो म्हणाला आणि फोन वहिनीला परत दिला.